निराधारचा पगार, टक्केवारीचं कार्ड आणि मोफत उपचार : मराठवाड्यात कशासाठी किती थांबावं लागतं

आमच्या अण्णांना २०२३ च्या दसऱ्याला लकवा मारला. निराधारचा पहिला पगार, म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचं महिन्याचं अनुदान, त्यांच्या खात्यात पडला तो २०२५ च्या जानेवारीत. मधले पंधरा महिने कुठे गेले याचा हिशोब मी नंतर वहीत मांडला. सहा महिने तब्येत स्थिर होण्यात गेले, त्याला इलाज नव्हता. तीन महिने टक्केवारीच्या, म्हणजे दिव्यांगत्व किती टक्के ते सांगणाऱ्या, कार्डात गेले. उरलेले सहा महिने गेले ते एका उत्पन्नाच्या दाखल्यापायी. तो मी मोठ्या उत्साहाने फेब्रुवारीतच काढून ठेवला होता आणि ३१ मार्चला त्याची मुदत संपली.

तेव्हापासून गावात कुणाच्या घरी असा प्रसंग आला की लोक विचारायला येतात. पहिला प्रश्न एकच असतो, "पगार कवा चालू होईल?" या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही. उपचार, टक्केवारी आणि पगार ही तीन वेगळी कामं आहेत. तिघांची वाट पाहण्याची रीत वेगळी आहे, आणि एकात अडकलो म्हणून दुसरं थांबवायचं नसतं. ज्यांच्या घरात हे नुकतंच घडलंय त्यांच्यासाठी मी ते क्रमाने सांगतो.

उपचारासाठी थांबायचंच नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. खासगी विमा कंपनीची पॉलिसी घेतली की पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजाराला ३६ महिन्यांपर्यंत थांबायला लावता येतं. एजंटाकडून हे ऐकलेलं असतं, म्हणून लोकांना वाटतं की सरकारी योजनेतही तसंच असणार. तसं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो की आयुष्मान भारत, दोन्हींत थांबण्याचा काळ नाही. बीपी, शुगर, हृदयाचा जुना त्रास पहिल्या दिवसापासून धरला जातो. हप्ताही भरायचा नसतो.

ही योजना आपल्याकडे नवी नाही. २ जुलै २०१२ ला ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर आली. पुढे पिवळ्या-केशरी कार्डांबरोबर १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतलं, आणि मराठवाड्याचे आठही जिल्हे त्या यादीत होते. १ जुलै २०२४ पासून कार्डाचा रंग कोणताही असो, राज्यातल्या रहिवासी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं निघतं. त्याला उत्पन्नाची अट नाही.

दवाखान्यात पोचल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधा. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात ते असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर दवाखाना ऑनलाइन मंजुरी मागवतो. तातडीचा रुग्ण असेल तर फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून देता येतात. आम्हाला हे माहीत नव्हतं. अण्णांना ज्या खासगी दवाखान्यात आधी नेलं तिथे "लकवा योजनेत बसत नाही" असं सांगितलं आणि ४० हजार भरून घेतले. कोणता उपचार बसतो आणि कोणता नाही हे काउंटरवरच्या माणसाच्या तोंडून ऐकून घेऊ नका. तिथूनच १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन लावा, आयुष्मानसाठी १४५५५. पैसे भरायच्या आधी लावा. एकदा भरलेले परत मिळवायला किती हेलपाटे घालावे लागतात ते आम्ही भोगलंय.

दोन गोष्टी मात्र घरातच अडतात. एक, रेशनकार्डात नावच नसणं. नव्याने लग्न होऊन आलेली सून, वेगळा राहिलेला मुलगा. दुसरी, आधारवर एक स्पेलिंग आणि रेशनकार्डावर दुसरं. हे आजार येण्याआधीच दुरुस्त करून घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर दसऱ्याला कोयता बांधण्याआधी हे काम करावंच. फडावर माणूस पडला आणि कार्ड गावाकडे राहिलं असं दरवर्षी होतं. कार्डाचा फोटो आणि बारा अंकी नंबर मोबाइलमध्ये असू द्या. राज्यात कुठल्याही जिल्ह्यातल्या योजनेच्या दवाखान्यात तो चालतो. कर्नाटकातल्या कारखान्यावर जाणाऱ्यांनी आयुष्मान कार्ड काढून सोबत ठेवावं, कारण ते राज्याबाहेरही चालतं.

अपघात असेल तर ३० दिवस मोजा

इथे घड्याळ उलटं चालतं. सरकार तुम्हाला थांबवत नाही, तुम्ही थांबलात तर हक्क जातो. मळणीयंत्रात हात गेला, विहिरीत पडून कंबर मोडली, सर्पदंश झाला, वीज पडली, असं शेतकरी कुटुंबात काही घडलं तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. वय १० ते ७५.

आमच्या शेजारच्या शिवारात एका पोराचा हात सोयाबीनच्या मळणीत गेला. घरचे टक्केवारीचं कार्ड येण्याची वाट बघत बसले. "सर्टिफिकेटच नाही तर अर्ज कसा करायचा?" असं त्यांना वाटलं. महिना उलटला. अर्ज आधी द्यायचा, पोच घ्यायची, कमी असलेला कागद नंतर जोडायचा. पासबुकातून दरवर्षी २० रुपये कापले जात असतील तर पंतप्रधान सुरक्षा विमाही बघा. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर २ लाख, अंशतः असेल तर १ लाख. बँकेला तेही ३० दिवसांत कळवायचं असतं.

टक्केवारी : सगळ्यात लांबचा पल्ला

"हँडिकॅपचं सर्टिफिकेट" म्हणजे आताचं यूडीआयडी, अर्थात वैश्विक ओळखपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. हात, पाय, डोळे, कान यांच्यासोबत सिकलसेल, थॅलेसेमिया, मानसिक आजार, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातून वाचलेले हेही त्यात येतात. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के लागतात. कार्ड पांढरं असलं तर ४० च्या आत, पिवळं ४० ते ७९, निळं ८० आणि वर.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. आधार, अलीकडचा फोटो, सही किंवा अंगठा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अर्जात दवाखाना निवडायचा असतो आणि इथे घाई करू नका. सिव्हिलला, घाटीला (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या रुग्णालयाला टक्के ठरवणारा डॉक्टरांचा बोर्ड ठरलेल्या दिवशी बसतो. तुम्हाला लागणारा तज्ज्ञ त्या दवाखान्यात आहे का आणि कोणत्या वारी असतो हे आधी विचारा. कानाची तपासणी करायचं यंत्र नाही किंवा मानसोपचारतज्ज्ञ नाही म्हणून रुग्णाला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलेलं मी पाहिलंय. जीप भाड्याने करून, लकवा झालेल्या माणसाला मागच्या सीटवर आडवं घालून नेल्यावर "पुढच्या बुधवारी या" हे शब्द कानावर पडतात तेव्हा काय वाटतं ते सांगता येत नाही. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करा.

लकव्यासारख्या मेंदूच्या आजारात डॉक्टर साधारण सहा महिने थांबायला सांगतात. हात-पाय किती सावरतात ते पाहिल्याशिवाय टक्के ठरवता येत नाहीत. हा अडवणुकीचा प्रकार नाही, यावर भांडत बसू नका. पण ते सहा महिने रिकामे घालवू नका. डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनची प्लेट, फिजिओथेरपीच्या चिठ्ठ्या एका पिशवीत तारखेवार लावून ठेवा. बोर्डापुढे ती पिशवी तुमच्या वतीने बोलते. आजार कधी सुरू झाला हे त्यातूनच सिद्ध होतं.

मुदतीचं सांगायचं तर जुन्या नियमात प्रमाणपत्र एका महिन्यात द्यायचं होतं. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीत ती मुदत तीन महिन्यांवर नेली. मला हा बदल आवडला नाही, कारण मुदत वाढली की काम मुदतीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ढकललं जातं. त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आली, ती गावात फारशी कुणाला ठाऊक नाही. वैद्यकीय प्राधिकरणाने दोन वर्षं अर्जावर निर्णयच घेतला नाही, तर अर्ज निष्क्रिय होतो आणि पुन्हा करावा लागतो. चूक त्यांची, फेरा तुमचा. म्हणून अर्जाचा नोंदणी क्रमांक जपा आणि दर महिन्याला पोर्टलवर स्थिती बघा. केंद्रावरच्या पोराने स्वतःचाच मोबाइल नंबर टाकून दिला असेल तर मेसेज तुमच्यापर्यंत येणारच नाहीत. अर्ज भरताना शेजारी बसा आणि नंबर स्वतः वाचून घ्या.

कार्ड पोस्टाने यायला वेळ लागतो, पण मंजूर झालं की पोर्टलवरून उतरवून घेता येतं. प्लास्टिकचं कार्ड हातात पडण्याची वाट बघून पुढचा अर्ज लांबवू नका.

पगार : दाखल्यांच्या मुदती सांभाळा

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. १८ ते ६५ वयाच्या, किमान ४० टक्के दिव्यांग असलेल्या आणि राज्यात किमान १५ वर्षं राहणाऱ्या माणसाला ती लागू होते. इतर निराधारांना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार आहे, दिव्यांगांना ५० हजार. रक्कम दीड हजार होती, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना ती अडीच हजार झाली. टक्केवारी ८० किंवा जास्त असेल आणि घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल तर त्याच रकमेतले ३०० रुपये इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनातून केंद्राकडून येतात. अर्ज तोच, तहसीलचा. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजनेचा रस्ता आहे.

सेतूत किंवा महा ई-सेवा केंद्रात अर्ज होतो. कागद असे लागतात : दिव्यांग प्रमाणपत्र, आधार, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, फोटो. यांत काही कागद एकदा काढले की टिकतात आणि एक कागद दरवर्षी मरतो. तो म्हणजे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. कधीही काढा, तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. मी फेब्रुवारीत काढला. अण्णांची टक्केवारी जुलैत आली. सेतूत गेलो तर "दाखला मेला" म्हणाले. नवीन काढायला टाकला. सेवा हक्क कायद्यात याला १५ दिवस आहेत, पण अण्णांच्या नावात एक अक्षर वेगळं म्हणून त्रुटी निघाली आणि ऑगस्ट सरला. मधल्या काळात तालुक्याच्या निराधार समितीची बैठक होऊन गेली होती. पुढची लागायच्या आत विधानसभेची आचारसंहिता लागली. एका दाखल्याने अण्णांचे पाच-सहा महिने खाल्ले.

म्हणून क्रम असा ठेवा. रेशनकार्ड, आधार आणि पासबुकावरची नावं पहिल्याच महिन्यात एकसारखी करून घ्या. रहिवासी दाखला त्याच वेळी काढा. उत्पन्नाचा दाखला नवीन आर्थिक वर्ष लागलं की एप्रिल-मेमध्ये काढा, म्हणजे पुढचे दहा-अकरा महिने तो जिवंत राहील. टक्केवारी येईल तेव्हा बाकी सगळं हातात असलं पाहिजे. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, म्हणजे आपल्या तलाठी भाऊसाहेबांकडून, उत्पन्नाचा अहवाल घेताना आकडा वाचून घ्या. ५१ हजार लिहिलं गेलं तर पुढे अर्ज बाद होईल, आणि तुम्हाला कारण कळेल तेव्हा तीन महिने झालेले असतील.

अर्ज दिला की पोच घ्या आणि समितीची बैठक कधी आहे ते तहसीलच्या संजय गांधी शाखेत विचारत राहा. अर्ज समितीपुढे जातो, मग मंजुरी मिळते. निवडणुकीच्या वर्षात इथे हमखास तुंबतं. लकवा झाल्याच्या दिवसापासूनची थकबाकी मिळेल असं धरून उधारी करू नका.

मंजुरीनंतरही पैसे आले नाहीत तर बहुधा बँकेत घोळ असतो. पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. आधारला शेवटी जे खातं जोडलं असेल तिथेच ते पडतात, अर्जात कोणतंही पासबुक लावलेलं असो. गावातल्या एका मावशीचा चार महिन्यांचा पगार पोराने कधीतरी मोबाइलवर उघडून दिलेल्या खात्यात साठला होता आणि त्या मात्र जिल्हा बँकेच्या पायऱ्या झिजवत होत्या. कोणतं खातं जोडलंय ते बँकेत अंगठा देऊन लगेच कळतं.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तोडीला गेलेल्या कुटुंबांचा पगार इथेच बंद पडतो. म्हातारं माणूस मागे गावात असेल तर शेजाऱ्याला सांगून जा, सोबत नेणार असाल तर जाण्याआधी तहसीलला विचारून घ्या.

वाळूज, चिकलठाणा, लातूरच्या एमआयडीसीत असाल तर

पगार २१ हजारांपर्यंत असेल (दिव्यांग कामगाराला २५ हजार) आणि पगारपत्रकात ०.७५ टक्के कापले जात असतील तर तुम्ही ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात आहात, ठेकेदाराकडे असलात तरी. गावाकडून नव्याने आलेल्या पोरांना याचे नियम कुणी सांगत नाही. औषधोपचार कामावर लागल्या दिवसापासून मिळतो. आजारपणातला रोख भत्ता मात्र लगेच मिळत नाही. पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्याचा लाभाचा काळ नऊ महिन्यांनी उघडतो. १० जूनला लागलात तर १० मार्चपासून. त्यानंतरही आजाराचे पहिले दोन दिवस धरत नाहीत. मिळतात ते मजुरीच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत.

कामावर अपघात झाला तर मात्र यातली एकही अट नाही. पहिल्याच दिवशी प्रेसमध्ये बोटं गेली तरी हक्क आहे. तात्पुरत्या अपंगत्वात, अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडालं की मजुरीच्या ९० टक्के मिळतात. सुपरवायझर "घरीच पडलो असं सांग, दवाखान्याचं मी बघतो" म्हणतो तेव्हा हे आठवा. घरी पडलेल्याला हा हक्क मिळत नाही. अपघाताची नोंद त्याच दिवशी करायला लावा आणि आयपी नंबर, म्हणजे ईएसआयसीचा तुमचा विमा क्रमांक, घरच्यांनाही पाठ असू द्या. पीएफ कापला जात असेल आणि नोकरीत असतानाच कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर पेन्शनला दहा वर्षांची अट लागत नाही. एक महिन्याचा हप्ता भरलेला असला तरी अर्ज करता येतो.

बाकीचं थोडक्यात

तीनचाकी, कॅलिपर, श्रवणयंत्र केंद्राच्या एडिप योजनेतून, बहुधा शिबिरात मिळतं. महिना उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर मोफत. पण एकदा घेतलं की त्याच कामासाठी तीन वर्षं पुन्हा मिळत नाही, बारा वर्षांखालच्या लेकराला एक वर्ष. म्हणून मापाचं नसलेलं साहित्य "फुकट आहे, घेऊन ठेवू" म्हणून घेऊ नका. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी निरामय विमा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत. त्यात थेरपीचा खर्चही येतो आणि विम्याआधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून त्याचा हिशोब मागा.

नाही म्हटलं तर

तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका, लेखी मागा. टक्केवारी कमी दिली असं वाटलं तर निर्णयापासून ९० दिवसांत अपील करता येतं. दाखले वेळेत दिले नाहीत तर सेवा हक्क कायद्याखाली अपील आहे. आणि वकिलाच्या फीला घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, साध्या कागदावर अर्ज चालतो.

प्रमाणपत्रावर "तात्पुरते" लिहिलं आहे का ते घरी आल्या आल्या बघा. असेल तर पुनर्तपासणीची तारीखही तिथेच असते. ती टळली की पगार थांबतो आणि पुन्हा बोर्ड, पुन्हा समिती. त्या तारखेच्या चार महिने आधी नवीन अर्ज टाका, कारण बोर्डाला तीन महिने लागू शकतात.